तहानलेले मूत्रपिंड

माझ्या पोटात तीन मूत्रपिंडे आहेत, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा सरकून बसतो. पण ही थट्टा नव्हे. जन्माबरोबर मिळालेली दोन पाठीशी आहेत. ती आक्रसून निकामी झाली आहेत. तिसरे ओटीपोटात उजव्या बाजूला, कातडीच्या जेमतेम खाली आहे. हात ठेवला तर हाताला लागते. ते माझ्या थोरल्या बहिणीचे. मूत्रपिंडरोपण करताना जुनी मूत्रपिंडे बहुधा काढीत नाहीत आणि नवे त्यांच्या जागी न बसवता खाली बसवतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हती.

रोपणावर आजवर बरेच लिहिले गेले आहे. दात्याचा त्याग, शस्त्रक्रियेचा थरार, मग पेढे. मला लिहायचे आहे ते एका नळीविषयी. पेन्सिलीहून बारीक, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी लांब अशी ही धमनी त्या तिसऱ्या मूत्रपिंडाला रक्त पुरवते. ती अरुंद झाली म्हणजे काय होते, ती का अरुंद होते, आणि हे वेळीच ओळखले तर काय वाचते, हे मी स्वतःच्या देहावर शिकलो. ज्यांच्या घरात असा एखादा रुग्ण आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

भरतकामाचा टाका

निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. मुठीएवढ्या दोन अवयवांना एवढा मोठा वाटा! कारण त्यांचे काम केवळ स्वतःचे पोट भरण्याचे नाही. साऱ्या देहाचे रक्त त्यांना गाळायचे असते. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत करतात.

नवे मूत्रपिंड बसवताना शल्यवैद्य त्याची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जोडतो, शीर शिरेला जोडतो आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला. तीन सांधे. त्यांतला धमनीचा सांधा म्हणजे आपल्या कथेचा नायक किंवा खलनायक, काय म्हणाल ते.

रक्तवाहिनी रक्तवाहिनीला शिवता येते हे जगाला नीट शिकवले ते अलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यवैद्याने. 1894 साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी शीर कापली गेली होती आणि ती शिवण्याची विद्या कोणापाशी नव्हती. अध्यक्ष गेले. ही गोष्ट तरुण कारेलच्या मनाला लागली. त्याने त्याच गावातल्या मादाम लेरुदिए नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई आणि रेशमाचे टाके शिकून घेतले. मग त्याने युक्ती काढली. नळीच्या गोल तोंडावर सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणायचे. गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ बाजू शिवणे सोपे जाते. ही पद्धत त्याने 1902 साली प्रसिद्ध केली. 1912 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही रोपणाच्या टेबलावर त्याचे नाव निघते.

पुढची पायरी बॉस्टनमध्ये चढली गेली. 23 डिसेंबर 1954 रोजी जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते चालले. आपल्याकडे 1965 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड बसवले गेले आणि 1971 मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. त्या वाटेने आलेल्या हजारोंपैकी मी एक.

लेक सासरी कशी आहे?

माझी ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. घरात कोणी तिला विचारायच्या आधीच ती म्हणाली, "दोन आहेत ना मला? एक तुझी." भाऊबिजेला ओवाळणी भावाने घालायची असते. आमच्या घरी ती रीत उलटी झाली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला मी, पाचव्या दिवशी बादलीभर लघवी झाली म्हणून लहान मुलासारखा हसलो. रक्तातले क्रिएटिनिन 1.1 वर आले. ताई दर रविवारी फोनवर विचारायची, "माझी लेक सासरी नांदते ना?" मी म्हणायचो, "सुखात आहे."

सातव्या महिन्यात रक्तदाब चढू लागला. आधी एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, मग तीन. तरी आकडा 170 आणि 100 च्या खाली येईना. पावलांवर सूज आली. क्रिएटिनिन 1.6 झाले. रोपण झालेल्या माणसाच्या घरात क्रिएटिनिनचा आकडा हा शेअरबाजाराच्या भावासारखा असतो. दशांश चिन्हापुढचा एक अंक हलला तरी कोणाला जेवण जात नाही. सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता: रिजेक्शन. म्हणजे देहाने परके मूत्रपिंड नाकारले. लेकीला सासरच्यांनी माहेरी धाडले.

त्या रविवारी ताईने नेहमीचा प्रश्न विचारला. मी "बरी आहे" म्हणालो आणि फोन लवकर ठेवला.

तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. ते कठीण नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

समजा, एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू राहतो. त्याच्या खोलीकडे जाणारा नळ आतून गंजून अरुंद झाला. त्याला पाणी कमी येते. नळ गंजला की टाकीतच पाणी कमी, हे त्याला खोलीत बसून कळत नाही. त्याला एवढेच कळते की धार बारीक झाली. तो ओरडतो, "पंप जोरात लावा!" पंप लागतो. साऱ्या चाळीतला दाब वाढतो, तळमजल्याचे नळ फुटायची वेळ येते. आणि वर मात्र कशीबशी धार पोचते.

मूत्रपिंड नेमके हेच करते. त्याच्या आत रक्ताचा दाब मोजणाऱ्या पेशी आहेत. रक्त कमी आले की त्या रेनिन नावाचे द्रव्य सोडतात. ते 1898 साली स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी शोधून काढले. रेनिनपासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते साऱ्या देहाच्या रक्तवाहिन्या आवळते आणि मीठ-पाणी अंगात धरून ठेवायला लावते. याचा पुरावा अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथील हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 साली दिला. त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चांदीचा लहानसा चिमटा लावून ती थोडी आवळली आणि कुत्र्यांचा रक्तदाब चढला. रक्तदाबाचे मूळ मूत्रपिंडाच्या नळीत असू शकते, हे त्या चिमट्याने सिद्ध केले.

ज्याची दोन्ही मूत्रपिंडे काम करतात त्याची एक नळी अरुंद झाली तर दुसरे मूत्रपिंड जादा मीठ-पाणी बाहेर टाकून थोडाफार तोल सांभाळते. माझ्यासारख्याला दुसरे नाहीच. म्हणून पाणी अंगात साठते, पाय सुजतात आणि काहींच्या फुप्फुसांत अचानक पाणी भरून मध्यरात्री श्वास कोंडतो. हृदय चांगले असूनही असे झाले तर जाणता डॉक्टर या नळीची शंका घेतोच.

एक सावधगिरीची गोष्ट. रोपणानंतर रक्तदाब वाढलेला माणूस दिसला की लगेच नळीला दोष देऊ नये. रक्तदाब तर रोपण झालेल्या बहुतेकांना असतो. स्टेरॉइड आणि नकार टाळण्यासाठी घ्यावी लागणारी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे तो वाढवतात; जुनी निकामी मूत्रपिंडेही त्यात भर घालतात. संशय घ्यायचा तो आवरेनासा झालेल्या किंवा अवचित बिघडलेल्या रक्तदाबाचा.

गोळीने दिलेला पुरावा

माझ्या बाबतीत पुरावा एका गोळीने दिला. रक्तदाबासाठी चौथी गोळी म्हणून मला जी दिली गेली तिच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' ही अक्षरे होती. हे औषध उत्तम आहे. मधुमेही आणि हृदयरोगी लोकांची मूत्रपिंडे ते राखते. पण आठवड्याच्या आत माझे क्रिएटिनिन 1.6 वरून 2.4 वर गेले. गोळी बंद केली, ते 1.7 वर उतरले.

असे का व्हावे? नळी अरुंद झाली की मूत्रपिंड एक शहाणपणा करते. गाळणीत येणारे रक्त कमी असले तरी गाळणीतून बाहेर पडणारी वाट ते आवळून धरते, म्हणजे आतला दाब टिकतो आणि गाळण्याचे काम चालू राहते. ही वाट आवळून धरणारा हात अँजिओटेन्सिनचा. 'प्रिल' आणि 'सार्टन' जातीची औषधे नेमका हाच हात सैल करतात. मग गाळणीतला दाब कोसळतो. 1983 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एकच मूत्रपिंड असलेल्या आणि त्याची धमनी अरुंद झालेल्या रुग्णांत हा प्रकार नोंदवला. तेव्हापासून या गोळीनंतर क्रिएटिनिन एकदम चढणे ही डॉक्टरांना एक खूण झाली आहे.

आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. काही न बोलता त्यांनी मला टेबलावर निजवले आणि स्टेथॉस्कोप छातीवर न ठेवता ओटीपोटावर ठेवला. बराच वेळ ऐकले. मग त्याच्या नळ्या माझ्या कानांत घातल्या. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूं... सूं... असा, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा आवाज येत होता.

"तुमच्या ताईंची किडनी रुसलेली दिसत नाही," ते म्हणाले. "तिच्यापर्यंत रक्त पोचत नसावे."

हा आवाज म्हणजे पक्का पुरावा नव्हे, हेही त्यांनी सांगितले. अरुंद नळी नसतानाही कधी कधी तो येतो आणि नळी अरुंद असूनही काहींत ऐकू येत नाही. पण तपासणीची दिशा ठरली.

मलाच का?

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. मीही विचारला. उत्तर एका वाक्यात मिळाले नाही, कारण ही नळी अरुंद होण्याची कारणे एका ठिकाणी नाहीत. काही दात्याकडून येतात, काही वाटेत घडतात, काही टेबलावर आणि काही रुग्ण स्वतःबरोबर आणतो.

दात्याचे वय मोठे असेल, त्याच्या धमन्यांत आधीच चरबीचे आणि चुन्याचे थर असतील, तर ती धमनी नव्या घरी येतानाच थोडी आजारी असते. दाता लहान मूल असेल तर धमनीच मुळात बारीक असते. मृत दात्याचे मूत्रपिंड बर्फात ठेवून आणावे लागते. हा थंडीतला काळ लांबला की धमनीचे नाजूक अस्तर दुखावते. रोपणानंतर मूत्रपिंड लगेच कामाला न लागता काही दिवस डायलिसिस लागले, तर तीही अशाच इजेची खूण असते. अशा रुग्णांत पुढे धमनी अरुंद होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

टेबलावर काय होते? दोन नळ्यांची तोंडे सारख्या मापाची नसतात. एकाहून जास्त धमन्या असलेले मूत्रपिंड असते. चिमट्याने अस्तराला ओरखडा येतो. धमनी लांब राहिली तर मूत्रपिंड जागेवर बसवल्यावर ती रबरी नळीसारखी मुरडते. मृत दात्याकडून मूत्रपिंड घेताना धमनीच्या मुळाशी महाधमनीची छोटी चकतीही कापून घेता येते आणि ती चकती शिवली की धमनीचे तोंड मोकळे राहते. या चकतीला कारेलचेच नाव आहे. जिवंत दात्याची महाधमनी अर्थातच कापता येत नाही. तिथे धमनीचे उघडे तोंडच शिवावे लागते. म्हणून, सख्ख्या बहिणीचे मूत्रपिंड इतर सर्व बाबतींत सरस असले तरी या एका सांध्यापुरती सवलत त्याला नसते.

मग येते देहाची नाराजी. तीव्र नकाराचा झटका येऊन गेला असेल तर धमनीच्या अस्तरावरही त्याचा राग निघू शकतो. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात तो डोके वर काढतो. त्याचा संसर्ग आणि अरुंद धमनी यांची सांगड काही अभ्यासांत दिसली, काहींत दिसली नाही.

शेवटी रुग्ण स्वतः. मधुमेह, उतारवय, हृदयाच्या धमन्यांचा विकार, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल. ज्या मोठ्या धमनीला नवी नळी जोडली तीच वरच्या अंगाला थरांनी चोंदलेली असेल, तर सांधा निर्दोष असूनही मूत्रपिंड तहानलेले राहते. मुख्य पाटालाच पाणी नाही, तर शेताच्या दंडाला कुठून येणार?

कधी घडते यावरूनही कारणाचा माग लागतो. पहिल्या काही दिवसांतच घडले तर मुरड किंवा टाका; तीन महिने ते दोन वर्षे या काळात बहुतेक प्रकार उघडकीला येतात आणि त्यांत दुखावलेले अस्तर जाड होत गेलेले असते; पुष्कळ वर्षांनी घडले तर धमनीत साठलेले थर.

किती जणांना होते? वेगवेगळ्या रुग्णालयांनी शंभरात 1 पासून 23 पर्यंत आकडे दिले आहेत. एवढा फरक का, तर जो प्रत्येकाची धमनी तपासतो त्याला जास्त सापडतात आणि जो त्रास झालेल्यांचीच तपासतो त्याला कमी.

माझ्या यादीत ताईचे वय होते आणि जिवंत दात्याचा चकतीविना सांधा होता. मधुमेह नव्हता, तंबाखू नव्हता. "यात कोणाला दोषी धरू नका," डॉक्टर म्हणाले. "सुंदर शिवलेल्या सांध्यावरही कधी कधी व्रण जाड होतो. कातडीवर होतो तसाच."

नळीत शिरलेला फुगा

पहिली तपासणी डॉप्लरची. पोटावरून यंत्र फिरते, दुखत नाही, खुपत नाही. अंगणात झाडांना पाणी घालताना रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब उडते. तसेच अरुंद जागेतून रक्त वेगाने धावते. तो वेग सेकंदाला अडीच मीटरच्या पुढे गेला की शंका बळावते. माझा पुढे गेला होता.

खात्रीसाठी धमनीत रंगद्रव्य सोडून चित्र घ्यावे लागते. त्या द्रव्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते म्हणून ते जपून, कमीत कमी वापरतात. काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही सोडतात. माझ्या चित्रात सांध्यापाशी धमनी वाळूच्या घड्याळासारखी आवळलेली होती.

उपाय त्याच बैठकीत झाला. जांघेतल्या धमनीतून बारीक तार आत नेतात, तिच्यावरून मिटलेला फुगा नेतात आणि अरुंद जागी तो फुगवतात. बहुधा तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. या कलेचे श्रेय झुरिकच्या आंद्रेयास ग्रुंटझिग यांना आहे. त्यांनी सुरुवातीचे फुगे घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. 1977 साली त्यांनी हृदयाची धमनी फुग्याने उघडली आणि 1978 मध्ये मूत्रपिंडाचीही.

मी जागा होतो. पडद्यावर काळी रेघ एकाएकी जाड झाली आणि तिच्यापुढचे मूत्रपिंड झाडाला पालवी फुटावी तसे फांद्याफांद्यांनी भरून आले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "झाले." चौथ्या दिवशी रक्तदाब 136 आणि 84. महिन्याभरात चार गोळ्यांची एक गोळी उरली आणि क्रिएटिनिन 1.3 वर स्थिरावले.

सर्वांचे असेच होते, असे मी म्हणणार नाही. नळी थोडीच अरुंद असेल तर फुगा न घालता औषधे देऊन नजर ठेवतात. फुग्याने धमनी फाटण्याचा, आत गुठळी होण्याचा धोका थोडा का होईना असतोच. काहींची नळी पुन्हा आवळते. मुरड असेल किंवा फुगा फसला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणांतून वाट काढणे अवघड असते. मला आजही ठरावीक मुदतीने डॉप्लर करून घ्यावे लागते आणि ते मी चुकवत नाही.

लिहून ठेवण्यासारखे

रोपण झालेल्यांना आणि त्यांच्या माणसांना चार गोष्टी सांगतो.

घरी रक्तदाब मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. महिन्याची चढण सांगते.

नवी गोळी कोणत्याही डॉक्टरांनी दिली तरी रोपणाच्या डॉक्टरांना तिचे नाव कळवा. 'प्रिल' किंवा 'सार्टन' सुरू झाली तर आठवड्याभरात रक्त तपासायचे का, ते विचारा. स्वतःच्या मनाने मात्र ती घेऊ नका आणि बंदही करू नका.

पायांवर सूज आली, निजल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि क्रिएटिनिन चढले की लगेच हात जोडून बसू नका. नकार असेल तर त्याचे उपचार निराळे, स्टेरॉइडचे भारी डोस लागतात. नळी अरुंद असेल तर त्या औषधांनी ती उघडणार नाही. म्हणून डॉक्टरांना विनयाने, पण जरूर विचारा: "धमनीचे डॉप्लर झाले आहे का?" मूत्रपिंड खराब होणे आणि मूत्रपिंडाला रक्त न पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून त्या एकसारख्या दिसतात. दुसरी वेळीच ओळखली तर बहुतेकदा दुरुस्त होते. ओळखली नाही तर तिचीच पहिली होते आणि कोणीतरी जिवावर उदार होऊन दिलेला अवयव हकनाक जातो.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ताईचा फोन आला. या वेळी मी तिला सगळे सांगितले, गंजलेल्या नळासकट. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे लेकीची काही तक्रार नव्हती. तुम्ही तिला पाणीच देत नव्हता."